दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा उगम कसा शोधायचा? 'बर्टविसल'च्या उदाहरणासह टप्प्याटप्प्याने

मुलीचं सासर इंग्रज असतं आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ करायची असते. कुणाला जुन्या गिरणीच्या कागदांत एखाद्या विव्हिंग मास्तरचं नाव सापडतं. कुणी शिवडीच्या दफनभूमीत दगडावरचं अनोळखी आडनाव वाचून विचारत येतं. या सगळ्यांकडून एकच चूक होते. ते शब्दकोश उघडून आधी आडनावाचा अर्थ लावतात आणि मग त्या अर्थाला साजेसा इतिहास शोधत बसतात.

क्रम याच्या उलटा हवा. आधी मोजणी, मग नकाशा, मग जुनी नोंद आणि अर्थ सगळ्यात शेवटी. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरणाला 'बर्टविसल' घेतलं आहे. हे आडनाव विरळ आहे, त्याचा पत्ता नीट लागतो आणि वाटेत घसरण्याच्या बहुतेक सगळ्या जागा त्यात आहेत. संगीतकार हॅरिसन बर्टविसल याच आडनावाचे. त्यांचा जन्म १९३४ साली लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टनचा. हे गाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## तयारी: संगणकासमोर बसण्याआधी

प्रश्न एका ओळीत लिहून काढा. 'हे आडनाव कुठून आलं' हा एक प्रश्न आणि 'अमुक माणसाचे पूर्वज कोण' हा दुसरा. पहिल्यासाठी त्या आडनावाची सगळी माणसं मोजावी लागतात, दुसऱ्यासाठी एकाच घराण्याच्या मागे पिढी पिढी जावं लागतं. दोन्ही एकदम सुरू केलं की दोन्ही अर्धवट राहतं. हा लेख पहिल्या प्रश्नाचा आहे.

एक तक्ता आखून घ्या. रकाने असे: साल, नोंदीचा प्रकार, आडनाव जसं लिहिलंय तसं, नाव, गाव, नोंदणी जिल्हा (जन्म-मृत्यू जिथे नोंदवतात तो विभाग), काउंटी (इंग्लंडमधला आपल्या जिल्ह्यासारखा भाग), नोंद कुठे पाहिली, मूळ प्रतिमा पाहिली की नुसती सूची. शेवटचा रकाना बरेच जण गाळतात आणि सहा महिन्यांनी तोच त्यांना छळतो. सूची म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचून टाइप केलेली नोंद. तिच्यावर किती भरवसा ठेवायचा हे मूळ पान पाहिल्याशिवाय कळत नाही.

नकाशा मात्र त्या काळाचाच हवा. १९७४ साली इंग्लंडमधल्या काउंट्यांच्या सीमा बदलल्या. बोल्टन, रॉचडेल लँकेशायरमधून ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले. बार्नोल्ड्स्विक यॉर्कशायरमधून लँकेशायरमध्ये आलं. आजच्या नकाशावर १८८१ ची माणसं टाकलीत तर न झालेलं स्थलांतर दिसायला लागतं.

सावधान: 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' म्हणून चौकटीतलं ढालीचं चित्र विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका. इंग्लंडमध्ये असं चिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. आडनावाला चिन्ह नसतं.

## पहिला टप्पा: स्पेलिंगची यादी

उच्चार बर्टविसल. पण इंग्रजीत एसनंतर टी लिहितात आणि तो बोलत नाहीत, म्हणून मराठी माणूस 'बर्टविस्टल' म्हणतो आणि तसंच शोधतो. शोध अक्षरांचा आहे, त्यामुळे दोन्ही डोक्यात हवेत.

आता यादी करा. बीनंतरचा स्वर आय असेल, ई असेल किंवा यू असेल. डब्ल्यूनंतर एच असेल किंवा नसेल. एसनंतरचा टी असेल किंवा गळलेला असेल. शेवटी एल-ई, ई-एल किंवा दोन एल. नुसत्या या जोड्यांतून छत्तीस रूपं निघतात. ती सगळी खरी असतात असं नाही, पण खरी कोणती हे आधी ठरवू नका. नोंद लिहिणारा पाद्री किंवा कारकून कानावर पडलं तसं लिहायचा आणि समोरच्या माणसाला बहुधा लिहिता येत नसे. एकाच बापाच्या तीन मुलांची आडनावं तीन तऱ्हेने लिहिलेली सापडतात, म्हणून 'आमचं एच असलेलं, ते वेगळे' हा दावा १९व्या शतकाच्या मध्याआधी टिकत नाही.

त्यानंतर वाचनातल्या चुकांची वेगळी यादी. वळणदार हस्ताक्षरातला मोठा बी हा आर किंवा के वाटतो. जुन्या लिखाणातला लांब एस एफसारखा दिसतो. आर आणि एस एकमेकांत मिसळतात. सूची करणाऱ्याने नाव त्याच्या डोळ्याला दिसलं तसं टाइप केलेलं असतं, म्हणून खरी नोंद कित्येकदा आरखाली दडलेली असते.

शोधताना तारांकनाचा (*) उपयोग करा. बी, तारांकन, आर, टी, डब्ल्यू, तारांकन, एस, तारांकन एवढं दिलं की बहुतेक रूपं एका जाळ्यात येतात. तारांकन म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच अक्षर. काही संकेतस्थळांवर सुरुवातीची दोन-तीन अक्षरं पक्की द्यावी लागतात. तिथे आय, ई आणि यूचे तीन शोध वेगळे करायचे.

पडताळा: यादीतल्या प्रत्येक रूपासमोर ते प्रत्यक्ष सापडलं का, पहिल्यांदा कोणत्या साली आणि कोणत्या गावात, हे लिहा. महिन्याभरात बहुतेक रूपं आपोआप गळतात.

## दुसरा टप्पा: १८८१ ची जनगणना हा खुंटा

इंग्लंडमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. माणसांची नावं जपून ठेवलेली सलग मालिका १८४१ पासूनची. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय खाली पाचाच्या पटीत उतरवून लिहायची सूचना होती आणि जन्मगावाऐवजी 'याच काउंटीत जन्म? होय/नाही' एवढंच विचारलं होतं. म्हणजे ३९ वर्षांचा माणूस कागदावर ३५ चा. १८५१ पासून जन्मगाव लिहू लागले. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ साली आगीत गेली आणि १९४१ साली युद्धामुळे ती झालीच नाही. १९२१ ची पानं २०२२ साली खुली झाली, कारण शंभर वर्षांचा नियम आहे.

या सगळ्यांत १८८१ निवडा. तिची संपूर्ण सूची स्वयंसेवकांनी तयार केलेली आहे आणि ती फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आडनावांचे प्रसारनकाशेही बहुतेक याच वर्षावर उभे आहेत. मोटारी यायच्या होत्या आणि बऱ्याच आडनावांची गर्दी अजून मूळ जागेच्या आसपासच होती. बर्टविसलचं तसंच दिसतं: गर्दी पूर्व लँकेशायरमध्ये, ब्लॅकबर्न, ॲक्रिंग्टन, बर्नली या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात.

मोजताना प्रत्येक माणूस एक, कुटुंब एक नव्हे. गावाच्या दोन नोंदी घ्या: त्या रात्री माणूस कुठे होता आणि जन्म कुठला. नकाशे दोन करायचे. राहण्याचा नकाशा आडनाव कुठवर पसरलं ते सांगतो आणि जन्माचा नकाशा ते कुठून निघालं ते. साठीपुढच्या माणसांची जन्मगावं वेगळ्या रंगाने टाका. ती १८२० च्या आधीची जागा दाखवतात, म्हणजे गिरण्यांनी माणसं खेचून घेण्याआधीची. माझ्या अनुभवात या एका युक्तीने जेवढा उजेड पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

सावधान: लग्न झालेल्या बाईने आडनाव नवऱ्याकडून घेतलेलं असतं. जन्मगावाच्या नकाशातून विवाहित आणि विधवा स्त्रिया वगळा. नाहीतर शेजारच्या काउंटीतल्या माहेरवाशिणी तुमच्या नकाशावर खोटे ठिपके पाडतात.

## तिसरा टप्पा: संख्येचं प्रमाण काढा

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडं थांबू.

नुसते आकडे पाहिले तर जवळपास प्रत्येक आडनाव लंडनचं वाटतं, कारण १८८१ मध्ये लंडनची वस्ती ३८ लाखांवर होती. म्हणून दर दहा लाख वस्तीमागे किती, हे काढायचं. सूत्र सोपं: त्या आडनावाची माणसं भागिले काउंटीची वस्ती, गुणिले दहा लाख.

पण प्रमाणही फसवतं. त्या वर्षी रटलंड या इवल्याशा काउंटीची वस्ती २१,४३४ होती आणि लँकेशायरची ३४,५४,४४१. समजा एखाद्या आडनावाची रटलंडमध्ये सहा माणसं आहेत आणि लँकेशायरमध्ये ३५०. रटलंडचं प्रमाण येतं २८०, लँकेशायरचं १०१. रंगीत नकाशात रटलंड गडद उठून दिसेल आणि कुणीतरी आनंदाने उगम रटलंडचा म्हणून लिहून मोकळं होईल. प्रत्यक्षात ती सहा माणसं म्हणजे एक घर असू शकतं: नवराबायको आणि चार मुलं, बाप बदली होऊन आलेला.

म्हणून तीन आकडे शेजारी ठेवा: माणसं, प्रमाण आणि वेगवेगळी घरं. तिन्हीत जी जागा वर येते ती खरी. विरळ आडनावाच्या बाबतीत वीसपेक्षा कमी माणसांच्या काउंटीचं प्रमाण मी नकाशावर रंगवतच नाही, नुसता ठिपका ठेवते.

काउंटीवर थांबू नका. तिच्या आत नोंदणी जिल्ह्यापर्यंत आणि तिथून पॅरिशपर्यंत, म्हणजे एका चर्चच्या हद्दीपर्यंत उतरा. 'लँकेशायरचं आडनाव' हे उत्तर 'पश्चिम महाराष्ट्रातलं आडनाव' म्हणण्याइतकंच ढोबळ आहे.

पडताळा: हीच मोजणी १८५१ किंवा १९११ च्या सूचीवर पुन्हा करा. गर्दीचा मध्य त्याच वर्तुळात राहिला तर पुढे जा. तो उडी मारून दुसरीकडे गेला असेल तर स्पेलिंगची यादी अपुरी आहे, पहिल्या टप्प्यावर परत जा.

## चौथा टप्पा: जन्म-लग्न-मृत्यूच्या सूच्या

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. स्कॉटलंडची वेगळी, १८५५ पासून. आयर्लंडची पूर्ण नोंदणी १८६४ पासून. सुरुवातीच्या दशकांत पुष्कळ जन्म नोंदलेच गेले नाहीत. न नोंदवल्याचा दंड १८७५ पासून खऱ्या अर्थाने लागू झाला. म्हणून १८४० च्या दशकातला जन्म सापडला नाही तर 'माणूस परदेशात जन्मला' असा निष्कर्ष काढू नका.

सूची तिमाहीची असते आणि तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती. डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतं. साल एकाने पुढे-मागे धरूनच शोधा.

आता ॲक्रिंग्टनकडे परत. ॲक्रिंग्टनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या नोंदीसमोर सूचीत जिल्हा लिहिलेला असतो 'हॅझलिंग्डन'. हॅझलिंग्डन हे जवळचं वेगळं गाव. पण नोंदणी जिल्ह्याचं नाव त्याच्यावरून होतं आणि ॲक्रिंग्टन त्या जिल्ह्यात मोडायचं. आपल्याकडे खेड्यातल्या जमिनीचा दस्त तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात, म्हणून ती जमीन तालुक्याच्या गावात आहे असं कुणी म्हणत नाही. पण परक्या देशाचा कागद हातात आला की ही समज सुटते. मी स्वतः एका शोधात तीन आठवडे हॅझलिंग्डनच्या चर्चच्या नोंदवह्या चाळल्या. ते कुटुंब तिथे कधी राहिलंच नव्हतं. पॅडिहमचंही असंच, सूचीत ते बर्नली जिल्ह्याखाली येतं.

एक सोपी खूण आहे. १८५२ पासून सूचीत खंडाचा क्रमांक असतो. बर्नली, ब्लॅकबर्न, हॅझलिंग्डन या जिल्ह्यांचा खंड '८ई', बोल्टनचा '८सी'. जिल्हा बर्नली आणि खंड वेगळाच दिसला तर दोन्हींपैकी एक चुकीचं वाचलं गेलं आहे. मूळ पान पाहा.

फ्रीबीएमडी या स्वयंसेवी संकेतस्थळावर सूच्या फुकट आहेत. सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे, जे जुन्या छापील सूचीत १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं. एकाच गावात दोन जॉन बर्टविसल असतील तर ते याच रकान्याने वेगळे होतात. दाखले विकत घ्यायची घाई करू नका. आडनावाच्या अभ्यासाला सूची पुरते. दाखला फक्त दुवा तुटतो तिथे मागवा.

## पाचवा टप्पा: पॅरिशच्या नोंदवह्या

१८३७ च्या मागे सरकार नाही, चर्च आहे. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवणं भाग पडलं. सुरुवातीच्या सुट्या कागदांतलं बरंच नाहीसं झालं. १५९८ नंतर चर्मपत्रावर नकला झाल्या आणि बिशपकडे दरवर्षी प्रत जाऊ लागली. मूळ वही फाटलेली असेल तर बिशपची प्रत पाहायची. ती वेगळ्या जागी ठेवलेली असते म्हणून पुष्कळांना तिची आठवणच राहत नाही.

पूर्व लँकेशायरची खास अडचण अशी की व्हॉली ही पॅरिश अवाढव्य होती. बर्नली, पॅडिहम, कोल्न, ॲक्रिंग्टन, हॅझलिंग्डन, क्लिदरो या सगळ्या जागी व्हॉलीच्या हाताखालची चॅपलं, म्हणजे दुय्यम चर्चं होती आणि प्रत्येकाची वही वेगळी. 'व्हॉली पॅरिशमध्ये सापडलं नाही' म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, चॅपलं पाहिलीत का? यासाठी लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स हा स्वयंसेवी प्रकल्प फुकट आणि चांगला आहे. या भागात चर्च ऑफ इंग्लंड सोडलेले बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आणि जुने कॅथलिकही पुष्कळ. त्यांच्या वह्या निराळ्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बिगर-अँग्लिकन वह्यांचा आरजी ४ हा संच त्यासाठी आहे.

वाचताना या गोष्टी जवळ लिहून ठेवा:

१. २५ मार्च हा १७५२ पूर्वी वर्षाचा पहिला दिवस होता. वहीत '१० फेब्रुवारी १७२०' असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. तक्त्यात १७२०/२१ असं लिहा.

२. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. कधी चार भावंडांचे बाप्तिस्मे एकाच रविवारी उरकलेले असतात.

३. नावं लॅटिनमध्ये असतील. जोहान्नेस म्हणजे जॉन, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम आणि याकोबुस म्हणजे बहुतेक वेळा जेम्स. आडनाव सहसा इंग्रजीच राहतं.

४. १६४२ ते १६६० या यादवी आणि कॉमनवेल्थच्या (राजाविना चाललेल्या राज्याच्या) काळात वह्यांत मोठी खिंडारं आहेत. तिथे दुवा नसताना जोडू नका. रिकामी जागा रिकामी ठेवा.

पडताळा: प्रत्येक बाप्तिस्म्यासाठी त्याच नावाचं दफन पुढच्या दहा वर्षांत आहे का ते पाहा. लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची पद्धत होती. कित्येक वंशावळींत तान्हेपणी गेलेल्या बाळाचं लग्न लावून दिलेलं मी पाहिलं आहे आणि त्याच्या खाली लिहिलेल्या सहा पिढ्या अर्थातच चुकीच्या.

## सहावा टप्पा: वहीच्याही मागे

१५३८ च्या मागे गरीब माणूस क्वचितच दिसतो. जो कर भरतो, भांडतो किंवा जमीन धरतो तो दिसतो. १३३२ सालची लँकेशायरची करवसुलीची यादी छापलेली आहे. १३७७, १३७९ आणि १३८१ चे डोईपट्टीचे कागद काही भागांत उरले आहेत. १५२४-२५ ची करयादी, १६४१-४२ च्या शपथयाद्या, १६६२ नंतरचा चुलीवरचा कर ही पुढची पायरी. मृत्युपत्रांसाठी १८५८ पूर्वी चर्चची न्यायालयं असत. रिबल नदीच्या दक्षिणेकडचं लँकेशायर चेस्टरच्या बिशपच्या कक्षेत येई, म्हणून शोध 'चेस्टर'खाली करायचा. चेस्टर दुसऱ्याच काउंटीत आहे हे पाहून बरेच जण तिथूनच मागे फिरतात.

इथे तुम्हाला हवं आहे ते आडनावाचं सर्वांत जुनं लिखित रूप आणि सोबतचं गाव. अर्थ अजूनही नको. जुन्या यादीत नावापुढे 'डे' असेल तर ते 'अमुक गावचा' असं सांगतं. पण ते त्या माणसापुरतं वर्णन आहे की पिढीजात आडनाव, हे एका नोंदीवरून ठरत नाही. बाप आणि मुलगा दोघेही तेच लावताना दिसले तरच आडनाव. उत्तरेकडे आडनावं स्थिर व्हायला दक्षिणेपेक्षा जास्त काळ लागला, म्हणून १४व्या शतकातल्या लँकेशायरच्या कागदावर घाईने शिक्का मारू नका.

## सातवा टप्पा: आता अर्थ

इतकं झाल्यावर शब्दाकडे या. 'बर्ट' नावाचा माणूस आणि त्याची शिट्टी, असं या आडनावाचं स्पष्टीकरण मी वाचलेलं आहे. ते साफ चूक आहे.

आडनाव एका जागेवरून पडलं. पॅडिहमजवळ हॅप्टनच्या परिसरात बर्टविसल नावाची वस्ती होती. ती आता नकाशावर उरलेली नाही. जुन्या लिखाणात नावाची सुरुवात 'ब्रिड' अशी होती. जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' म्हणजे पाखराचं पिल्लू. याच शब्दातला आर पुढे जागा बदलून स्वराच्या मागे गेला आणि आजचा 'बर्ड' झाला. आडनावातही तेच घडलं. दुसरा भाग 'ट्विसला', म्हणजे बेचकं: दोन ओढे जिथे मिळतात तिथली मधली जमिनीची जीभ. पाखरांचं बेचकं.

हे बरोबर कशावरून? शेजारी पाहा. एंट्विसल, ऑझ्वल्डट्विसल, एक्स्ट्विसल ही सगळी याच भागातली गावं आणि सगळी ओढ्यांच्या बेचक्यांत. नॉर्थम्बरलंडमधल्या हॉल्टव्हिसल गावाच्या नावात एच आला, रेल्वे स्टेशनही झालं, म्हणून ते नाव आगगाडीच्या शिट्टीवरून पडलं असं वाटू शकतं. मूळ शब्द तिथेही तोच. एच मागाहून शिरला, कारण लिहिणाऱ्याला ओळखीचा शब्द ऐकू आला. रॅम्सबॉटमसारख्या नावातलं 'बॉटम' हेही दरीचा तळ आहे. बरीजवळ अर्वेल नदीच्या खोऱ्यात ते गाव आजही आहे. ज्यांनी पूर्व लँकेशायरच्या त्या ओल्या, ओढ्यांनी चिरलेल्या टेकड्या पाहिल्यात त्यांना हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत.

अर्थाची खात्री २०१६ साली आलेल्या ऑक्सफर्डच्या ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावकोशातून करा. त्यात ४५ हजारांहून जास्त नावं आहेत आणि जुन्या नोंदी तारखांसह दिल्या आहेत. कोशातल्या नोंदी आणि तुमचा नकाशा एकाच जागी बोट ठेवत असतील तर काम जमलं.

मराठी माणसाला इथे एक जन्मजात फायदा आहे, तो वापरा. आपली 'कर' लावलेली आडनावं हेच सांगतात. साताऱ्यात राहणाऱ्याला कुणी सातारकर म्हणत नाही. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की सातारकर होतो. इंग्रजी गाव-आडनावांचंही पुष्कळदा असंच. म्हणून सर्वांत जुनी नोंद खुद्द त्या वस्तीत नसेल, दोन-चार मैलांवरच्या गावात असेल, तर घाबरू नका. आणि वडगावकर म्हटलं की कोणतं वडगाव हे विचारावंच लागतं. प्रेस्टन, सटन, नॉर्टन ही तिथली वडगावं. अशा आडनावांचे उगम अनेक असतात. बर्टविसलसारखं जगात एकाच जागेचं नाव असेल तर उगमही एकच असण्याची शक्यता दाट.

दाट, पण पक्की नाही. एका गावातून नात्यात नसलेली दोन घरं निघून दोघांनाही गावाचं नाव चिकटू शकतं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तुलना इथे मदतीला येते. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःचंच आडनाव असलेले ४८ पुरुष तपासले आणि जवळपास निम्म्यांत एकच नमुना सापडला. उरलेल्यांचं कारण दत्तक, आईचं आडनाव लावणं, विवाहबाह्य जन्म असं काहीही असू शकतं. म्हणून एका चाचणीवरून कुणाला 'आमच्यातला नाही' ठरवू नका. आणि चाचणीला हात घालण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. जे उत्तर येईल ते त्यांच्याही घरात राहायला येणार आहे.

## आठवा टप्पा: लांब पडलेले ठिपके

शेवटी नकाशावरचे एकाकी ठिपके घ्या. प्रत्येकाला कारण असतं आणि ते बहुधा धंद्याचं असतं.

एच असलेले बर्टविसल यॉर्कशायरमधल्या स्किप्टन भागात आणि पुढे थेट स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, गॅलोवेत दिसतात. नुसत्या नकाशावरून वाटेल की तिथे वेगळाच उगम आहे. पण स्किप्टनचं बर्टविसल घराणं १८व्या शतकात गुरांचे मोठे व्यापारी होतं. स्कॉटलंडमधून कळप हाकत दक्षिणेला आणायचे. त्याच घराण्याने शतकाच्या अखेरीस गॅलोवेतल्या गेटहाउस ऑफ फ्लीट इथे कापसाची गिरणी घातली. ठिपके त्या गुरांच्या वाटेवर पडले आहेत. एक ठिपका दुसऱ्याशी जोडताना असा धंदा, रस्ता किंवा जमीनदारीचा दुवा हाताशी हवा. नुसतं आडनाव जुळणं पुरेसं नाही.

मुंबईचा ठिपका याच रीतीने सोडवायचा. आपल्या गिरण्यांची सुरुवातीची यंत्रं लँकेशायरहून यायची, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव त्यांत मोठं, आणि यंत्रांमागोमाग तिथली माणसं स्पिनिंग मास्तर, विव्हिंग मास्तर, इंजिनिअर म्हणून आली. अशा माणसाचा शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दफ्तरात करायचा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी तिकडे जात. त्यांचा संच एन/३. बंगालचा एन/१ आणि मद्रासचा एन/२. क्रमांक चुकला की माणूस 'नाहीच' असं उत्तर येतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा असतो, पण त्याचं इंग्लंडमधलं गाव नसतं. म्हणून फोर्टातलं सेंट थॉमस किंवा भायखळ्याचं क्राइस्ट चर्च इथली नोंद मिळाली की तिच्यातलं वय आणि बायकोचं नाव घेऊन परत लँकेशायरच्या सूचीकडे जायचं. या कामात फिबिस ही ब्रिटिश-भारतीय कुटुंबांच्या नोंदी जमवणारी संस्था उपयोगी पडते. एखाद्या आडनावाचा पूर्ण अभ्यास कुणी आधीच करत आहे का, हे १९७९ पासून चालू असलेल्या गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीजकडे विचारता येतं. ते मात्र सुरुवातीलाच विचारून टाका, महिनोन्महिने वाचतात.

सावधान: तक्ता कुणाला पाठवण्याआधी शंभर वर्षांच्या आतल्या जन्माच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढा. त्यांतली बरीच माणसं हयात असतात. त्यांची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं असतात.